नागानोतलं जुनं लाकडी घर: आधी कागद, मग रस्ता, मग पाणी, सुतार सर्वांत शेवटी

(मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

परसबाग

जपानच्या गावांमधल्या रिकाम्या घरांबद्दल, म्हणजे 'अकिया'बद्दल, स्वस्ताईच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. 2023 च्या सरकारी पाहणीत रिकामी घरं 90 लाख निघाली. त्यातली बरीचशी भाड्याने किंवा विक्रीला काढलेली आहेत. कोणी वाली नाही अशी साधारण 38.5 लाख. इथे चर्चा त्यातल्याच एका नमुन्याची करू, म्हणजे हवेत गोळीबार होणार नाही.

नागानो प्रांत, डोंगरउतारावरचं गाव. बांधकाम 1955 चं, लाकडी सांगाडा, मातीच्या भिंती, कावारा कौलं. नोंदणीत दुमजली, एकूण 138 चौरस मीटर. वरचा मजला पूर्वी रेशीमकिड्यांसाठी होता. खांब दगडांवर नुसते टेकवलेले. संडास कुमितोरी, म्हणजे टाकी भरली की गाडी येऊन उपसणार. समोरचा रस्ता 2.7 मीटर. सोबत 600 चौरस मीटरचा तुकडा, नोंदणीत 'हाताके', म्हणजे जिरायत शेत. किंमत 25 लाख येन. छपराच्या पन्हळीतून गळती आहे हे विकणाऱ्याने कबूल केलंय.

घेणारं जोडपं टोकियोत नोकरीच्या व्हिसावर. काम दूरस्थ करता येतं, कायम तिथेच राहायचा विचार आहे. थोडे पैसे पुण्याहून आईवडील पाठवतील. काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे फसायला होतं?

सातबारा

कागदांपासून सुरुवात करते, कारण लोक कौलांचे फोटो बघून आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतात.

पहिली गोष्ट, घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. परदेशी माणसाला जमीनजुमला घ्यायला बंदी नाही, पण मालकी वेगळी आणि राहण्याचा हक्क वेगळा. नोकरी सुटली की नोकरीचा व्हिसा धोक्यात, घर मात्र तुमचंच, गवतासकट. 'गेस्टहाउस काढून व्यवसायाचा व्हिसा घेऊ' हा जुना सल्ला आता विसरा. ऑक्टोबर 2025 पासून त्यासाठीची भांडवलाची अट 50 लाखांवरून 3 कोटी येनवर गेली आहे.

दुसरी, शेताचा तुकडा. 'हाताके' किंवा 'ता' (भातखाचर) असं नोंदलेल्या जमिनीच्या विक्रीला गावच्या शेती समितीची परवानगी लागते. ती नसेल तर तेवढा व्यवहार कायद्याने होतच नाही, पैसे दिले असले तरी. किमान क्षेत्राची अट एप्रिल 2023 मध्ये निघाल्यामुळे लहान तुकडा घेणं सोपं झालंय, पण स्वतः कसणार हे दाखवावं लागतं. तुकडा नको असेल तर घर आणि शेत वेगवेगळ्या करारांत ठेवा. हवा असेल तर करारात 'परवानगी न मिळाल्यास रक्कम परत' हे वाक्य हवंच.

तिसरी, नोंदणी कोणाच्या नावावर आहे. आजोबा 1970 साली वारले आणि उतारा अजून त्यांच्याच नावाने, हे जपानातही सर्रास. 1 एप्रिल 2024 पासून वारसनोंद सक्तीची आहे, तीन वर्षांत न केल्यास 1 लाख येनपर्यंत दंड. हे काम विकणाऱ्याचं. सगळ्या वारसांच्या सह्या होईपर्यंत एक येनही देऊ नका. संडास, गोठा, कोठार मागाहून बांधलेलं असेल तर त्याची नोंदच नसते. मोजणीवाला लावून ती करून घ्यायला सांगा.

चौथी, खर्च. 80 लाख येनपर्यंतच्या घरांसाठी दलाल जुलै 2024 पासून करासह 3.3 लाख येनपर्यंत घेऊ शकतो, त्यामुळे 25 लाखांच्या घरावर दलाली टक्क्यांत मोजू नका. इमारतीच्या नोंदणीचा कर मूल्यांकनाच्या 2 टक्के. आणि संपादन कर, राहत्या घराला 3 टक्के, काही महिन्यांनी पाकिटातून येतो, तोवर सगळे पैसे छपरावर उडालेले असतात. एवढ्या जुन्या इमारतीचं सरकारी मूल्यांकन बहुतेक वेळा फारच कमी असतं, हाच काय तो दिलासा.

पुण्याचे पैसे: निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षाला 10 लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) बँक कापते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर अडकतो. आईवडिलांचं नाव मालकीत घातलंत तर त्यांना दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागेल, तो चुकवण्याचा दंड जबर आहे. जपानच्या बाजूने, वर्षाला 11 लाख येनपेक्षा मोठ्या भेटीवर भेटकराचा प्रश्न येतो. लागू होतो की नाही हे व्हिसाचा प्रकार आणि वास्तव्याची वर्षं यावर ठरतं. कर सल्लागाराला रक्कम पाठवण्यापूर्वी विचारा, नंतर नाही.

तिठा

रस्त्याकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितो.

नगररचना क्षेत्रात असाल तर नियम असा: किमान 4 मीटर रुंद रस्ता आणि त्याला किमान 2 मीटर लागून जागा. समोरचा 2.7 मीटरचा रस्ता 'मान्य जुना रस्ता' म्हणून नोंदलेला असेल तर मध्यरेषेपासून 2 मीटर मागे सरकायचं, म्हणजे तुमच्या बाजूने 65 सेंटिमीटर जमीन सोडायची. कुंपण, भिंत, काहीच त्यात चालत नाही. नोंदलेला नसेल तर त्या जागेवर पाडून पुन्हा बांधता येत नाही, आणि घर स्वस्त का याचं उत्तर मिळालं. गाव नगररचना क्षेत्राबाहेर असेल तर हा नियमच नाही. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात भूखंड क्रमांक दाखवला की दहा मिनिटांत कळतं.

एप्रिल 2025 पासून आणखी एक मेख. दुमजली लाकडी घरात खांब, तुळया, भिंती, जमीन, छप्पर, जिना यांपैकी कुठल्याही एका मुख्य अंगाची निम्म्याहून जास्त दुरुस्ती करायची तर बांधकाम मंजुरी लागते. पूर्वी अशा घरांना ती लागत नव्हती. एकमजली आणि 200 चौरस मीटरपर्यंतच्या घराला अजूनही सूट आहे. म्हणून नोंदणीतला 'दुमजली' हा शब्द महत्त्वाचा, वर फक्त रेशीमकिडे राहत असले तरी. नुसती कौलं बदलणं, स्वयंपाकघर-न्हाणीघर नवं करणं यात येत नाही. यादी घेऊन वास्तुविशारदाकडे जा आणि कोणतं काम निम्म्याच्या आत बसतं ते आधी ठरवा.

आणि साधी गोष्ट: 2.7 मीटरमध्ये दोन टनी ट्रक जातो, चार टनी वळणावर अडकतो. माल, मलबा, टाकी, सगळं लहान गाडीने म्हणजे फेऱ्या वाढल्या.

भूस्खलनाचे पिवळे आणि लाल पट्टे सरकारी नकाशावर फुकट दिसतात. डोंगरउतारावर लाल पट्ट्यात घर असेल तर मी पुढे वाचणारसुद्धा नाही.

सुतारपक्षी

आता लाकूड. बघायला जाताना टोचा, बॅटरी, ओळंबा, लाकडाचा ओलावा मोजायचं यंत्र आणि जुने कपडे.

तातामी (जमिनीवरच्या गवताच्या जाड चटया) उचला, खालची फळी काढा आणि आत शिरा. अशा घरांत जमिनीखाली 40-50 सेंटिमीटर पोकळी असते, माणूस सरपटत जातो. न्हाणीघर, मोरी आणि उत्तरेच्या बाजूने सुरुवात करा, कारण सडतं तिथेच. टोचा खांबाच्या पायात 10 मिलिमीटर सहज गेला तर तो खांब कापून खालचा तुकडा बदलायचा आहे असं धरा. ओलावा 20 टक्क्यांखाली ठीक. 28-30 च्या पुढे बुरशी लाकूड खातेच. नागानोत भेटणारी वाळवी ओल्या लाकडातली, जमिनीतून मातीच्या नळ्या काढत येणारी. उष्ण किनाऱ्यावरची जहाल जात इथल्या थंडीत सहसा नसते. म्हणजे ओल थांबवली की निम्मी वाळवी थांबते. फवारणीची हमी साधारण पाच वर्षांची. बोरिक क्षार जास्त टिकतो पण पाण्याने धुऊन जातो, त्यामुळे गळतं छप्पर असताना तो मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

झुकाव: दोन मीटर उंचीवर ओळंबा सोडा. 6 मिलिमीटरपर्यंत चिंता नको. 12 च्या पुढे, म्हणजे हजारात सहा, तर सांगाड्यात दोष असण्याची शक्यता मोठी. एकाच दिशेने सगळे खांब झुकले असतील तर घर ओढून सरळ करता येतं. वेगवेगळ्या दिशांनी झुकले असतील तर पाया खचतोय.

खांबाचा पाय बदलताना जॅक लावून घर मिलिमीटर-मिलिमीटरने उचलतात. घाई केली तर वरच्या मातीच्या भिंती तडकतात आणि कौलं सरकतात. जॅकखाली जाड फळ्यांची चळत हवी, ओल्या जमिनीत नुसता जॅक रुततो. जोड 'कानावा त्सुगी' पद्धतीचा, दोन्ही तुकड्यांना सारखी खाच आणि मधे पाचर. तो घालणारा सुतार शोधणं हेच अर्धं काम. मजुरी दिवसाला साधारण 20 ते 30 हजार येन.

कौलारू

प्रत्यक्ष कामाच्या क्रमाबद्दल: छप्पर, मग जमिनीची ओल, मग सांगाडा, मग सांडपाणी आणि नळ, मग वीज, मग थंडीची व्यवस्था, सर्वांत शेवटी रंगरंगोटी. लोक स्वयंपाकघरापासून सुरू करतात आणि पहिल्या वळवात नव्या कपाटावर पाणी.

पन्हळीतून गळतंय म्हणजे बहुधा दोन छपरांमधल्या घळीतला पत्रा सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी चाळणी झालाय. तेवढाच बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंची कौलं काढून पुन्हा बसवावी लागतात. जुन्या पद्धतीत कौलं मातीच्या थरावर बसवलेली असतात. माती कोरडी होऊन भुगा झाली असेल तर तो थर परत वापरता येत नाही.

वजन: कौलं चौरस मीटरला 45-50 किलो, गॅल्व्हल्यूमचा (अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला) पातळ पत्रा 5 किलो. 100 चौरस मीटर छपरावर हा फरक चार टनांहून जास्त. भूकंपात वजन जितकं वर तितका हेलकावा मोठा, म्हणून पत्रा चांगला, असं सगळे सांगतात. हिशेबात बर्फ धरायला विसरू नका: बर्फाळ भागात बर्फाचा एक मीटर थर म्हणजे चौरस मीटरला साधारण 300 किलो, साचून बसला की जास्त. पत्र्यावरून तो एकदम घसरतो आणि खाली पायवाट, गॅसच्या टाक्या, शेजाऱ्याची गाडी. बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या लावा.

सुतारपक्षी

कौलारू, पत्र्याबद्दल थोडा मतभेद. हे घर दगडावर नुसतं टेकलंय, कुठेही बांधलेलं नाही. अशा घराला वजनच जागेवर धरतं. छप्पर हलकं केलं आणि बाकी काहीच केलं नाही तर वादळात वारा उचलायला बघतो. पत्रा घाला, पण आधी गणित करून घ्या.

त्याहून मोठी चूक म्हणजे या सांगाड्यात आजच्या घरासारखे तिरपे आधार आणि लोखंडी पट्ट्या ठोकणं. जुनं घर डोलून, मातीच्या भिंतींना तडे देऊन धक्का जिरवतं. दोन कोपरे ताठ केले की सगळा जोर तिथे जातो आणि बारीक खांब मधेच मोडतो. पारंपरिक बांधणीसाठी वेगळी गणना आहे, 'गेनकाइ ताइर्योकु' म्हणतात, ती करणारा वास्तुविशारद लागतो. 1981 पूर्वीच्या लाकडी घरांची भूकंप-तपासणी नगरपालिका फुकट किंवा नाममात्र पैशांत करून देते. गुण 1.0 हवेत, 0.7 खाली म्हणजे कोसळण्याची शक्यता मोठी. पण तो नेहमीचा तक्ता दगडावर टेकलेल्या घरांना नीट लागू पडत नाही, गुण 0.2 आला म्हणून घाबरून पाडायला काढू नका.

ओलसर

जमिनीची ओल. दोन मार्ग: 0.1 मिलिमीटर जाडीचा प्लास्टिक कागद, जोडांवर 15 सेंटिमीटर एकावर एक चढवलेला, वर वाळू. किंवा 60 मिलिमीटर काँक्रीट. बांधकामवाले नेहमी काँक्रीट सुचवतात, त्यांना ते सोपं पडतं. दगडावरच्या घरात काँक्रीट ओतताना खांबाचा पाय त्यात बुडवला की संपलं, पाणी खांबाभोवती साचतं आणि काही वर्षांत तो खालून पोकळ. ओतायचंच असेल तर प्रत्येक दगडाभोवती मोकळी जागा ठेवा, दगडाचा माथा काँक्रीटच्या वर राहू द्या. ओलं काँक्रीट पहिले वर्ष-दीड वर्ष स्वतःच बाष्प सोडतं, त्यामुळे पोकळीतली वाऱ्याची भोकं उघडी हवीत. थंडी येते म्हणून ती बुजवू नका. थंडी जमिनीच्या फळ्यांखाली अडवायची असते.

बऱ्याच घरांत ओल जमिनीतून येतच नाही, मागच्या डोंगराच्या चरातून येते. चर गाळाने भरलेला असतो. घराच्या मागे फावडं घेऊन अर्धा दिवस उपसा, मग मोजा, आणि मगच काँक्रीटचं बोलू.

भिंतींबद्दल: बांबूच्या जाळीवर गवत मिसळलेली माती, आपल्या कुडाच्या भिंतीची सख्खी बहीण. हिच्या आतून प्लास्टिक लावून काचलोकर भरली की हिवाळ्यात घरातलं बाष्प फटींतून मागे जाऊन थंड मातीवर पाणी होतं, आणि दिसायला काही वर्षं लागतात. जाडी खांबांच्या मधे 60-70 मिलिमीटरच असते, म्हणून थर द्यायचा तर बाहेरून, लाकूडतंतूंच्या फळ्यांनी, आणि बाहेरच्या फळकुटांमागे 18 मिलिमीटर वारा खेळता ठेवून. पडलेली माती फेकू नका. भिजवून, नवं गवत घालून कुजू दिली की पुन्हा लिंपायला नव्या मातीपेक्षा चांगली.

सातबारा

ओलसर म्हणतात ते खरं, पण पैशांची एक गोष्ट मधेच घुसडते. भूकंप-बळकटी, सांडपाण्याची टाकी, दुहेरी खिडक्या, अकियाची दुरुस्ती, सगळ्यांना अनुदानं आहेत, आणि बहुतेकांना एकच अट: मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच ठेकेदाराशी करार. आधी सही केली की अर्ज बाद. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. काम वर्षअखेरीच्या आत संपवून हिशेब द्यावा लागतो आणि नागानोत हिवाळ्यात माती-काँक्रीटची कामं बंद पडतात. मेमध्ये अर्ज नाही केला तर वर्ष गेलं असं समजा. खिडक्यांच्या केंद्रीय योजनेत उलट आहे, तिथे अर्ज नोंदणीकृत ठेकेदार करतो, घरमालक नाही.

आणखी एक, अस्बेस्टॉस. 2006 पर्यंतच्या मालात तो असू शकतो. ऑक्टोबर 2023 पासून दुरुस्तीपूर्वी पात्र माणसाकडून तपासणी सक्तीची, आणि 10 लाख येनवरच्या कामात निकाल सरकारला कळवायचा. या घराची माती आणि लाकूड निर्धोक, पण 1970-80 च्या दशकांत कोणीतरी बसवलेलं छत आणि मोरीतले तक्ते तपासा.

नळदुरुस्ती

सांडपाणी. गावात गटारजोडणी आहे का ते आधी विचारा. नसेल तर जोकासो, म्हणजे घरगुती शुद्धीकरण टाकी. इथे गंमत बघा: टाकीचा आकार माणसांवर नाही, क्षेत्रफळावर ठरतो. 130 चौरस मीटरपर्यंत पाच माणशी, वर गेलं की सात माणशी. हे घर 138, म्हणजे आठ चौरस मीटरपायी मोठी टाकी. राहणारे दोघंच असतील तर काही नगरपालिका सूट देतात, विचारून बघा. वरचा मजला वापरातून काढून क्षेत्रफळ कमी दाखवता येतं का, हेही विचारा.

खड्डा जवळजवळ दोन मीटर खोल, टाकी क्रेनच्या ट्रकने उतरते, आणि वर तिठांनी सांगितलेला 2.7 मीटरचा रस्ता. वरून गाडी जाणार असेल तर सळईचं काँक्रीट वेगळं. शुद्ध झालेलं पाणी कुठे सोडणार? शेतीच्या पाटात सोडायचं तर पाणीवाल्यांच्या संघाची संमती लागते. ती नाही मिळाली तर पुढचं सगळं अडतं, म्हणून हा प्रश्न खरेदीआधीचा. नंतर हवेचा पंप चोवीस तास चालू, वर्षातून साधारण तीनदा देखभाल, एकदा उपसा, एकदा कायद्याची तपासणी. लांब सुट्टीवर जाताना पंप बंद केलात तर आतले जिवाणू मरतात आणि टाकी नासते.

नळ: जुना मीटर 13 मिलिमीटरचा असेल तर न्हाणीघर आणि मोरी एकाच वेळी चालत नाहीत, 20 चा घ्या. पारा उणे चारच्या खाली गेला की उघडे नळ गोठतात. प्रत्येक फांदीला पाणी काढून टाकायची चावी बसवा, आणि ती नळाच्या सर्वांत खालच्या जागी हवी, नाहीतर वाकणात पाणी राहतं आणि तिथेच फुटतं. गरम पट्टी गुंडाळली तरी वीज गेली की ती निरुपयोगी.

कौलारू

थंडी. तातामीची जाडी 55-60 मिलिमीटर. ती काढून लाकडी जमीन करायची तर 30 मिलिमीटर फोम, 12 चा प्लायवूड, 15 ची फळी, बेरीज 57. उंबरठे न हलवता बसतं. त्याखेरीज खालच्या आडव्या पट्ट्यांच्या मधे आणखी फोम कापून बसवा. पट्ट्या 303 मिलिमीटरवर असतात पण जुन्या सुताराने डोळ्याने मारलेल्या, तेव्हा प्रत्येक गाळा मोजून कापा आणि फटी फेसाने बुजवा. फटी राहिल्या तर फोम नुसता शोभेचा.

आतली दुसरी खिडकी मागवताना डावीकडे, मधे, उजवीकडे, तीन ठिकाणी उंची मोजा आणि सर्वांत कमी ती कळवा. वरची तुळई मधे 10 मिलिमीटर लोंबलेली असते आणि छपरावर बर्फ साचलं की आणखी. चौकटीला साधारण 70 मिलिमीटर खोली लागते, नसेल तर वाढीव चौकट.

लाकडाची शेगडी हवी असेल तर धुराडं छपरापासून किमान 60 सेंटिमीटर वर, आणि लाकडापासून 15 सेंटिमीटर दूर.

परसबाग

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. म्हणजे आधी शेती समिती, पाटाची संमती, नोंदणीतला मजला आणि लाल पट्टा, मग टोचा. विजेचं राहिलं. भारतातला मिक्सर आणि दगडी ग्राइंडर तिथे चालेल का?

नळदुरुस्ती

माझा प्रांत नळाचा, पण सांगतो. जुन्या घरात दोन तारांची 30 अँपियरची जोडणी असते. 200 व्होल्टची शेगडी किंवा मोठा एसी लावायचा तर तीन तारांची करून घ्या. साधं सॉकेट बदलायलाही परवानाधारक वीजतंत्री लागतो, स्वतः करू नका.

750 वॉटचा मिक्सर 100 व्होल्टवर नुसता घरघरतो. त्याला व्होल्टेज वाढवणारा 1500 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो ज्या सर्किटवर असेल तिथे त्या वेळी दुसरं काही चालवू नका, 15 अँपियरची मर्यादा आहे. वारंवारतेचा मिक्सरला फरक पडत नाही. ग्राइंडरची मोटर वेगळ्या जातीची, नागानोतल्या 60 हर्ट्झवर ती सुमारे 20 टक्के जोरात फिरते. पीठ तापतं आणि पट्टा लवकर जातो, तेव्हा थांबून थांबून वाटा. कुकर इंडक्शनवर घालण्याआधी बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच चालतो.